तोडीची नोटीस ते छाटणीचा आदेश: रस्त्यावरच्या एका शिरीषाची फाईल

रत्नागिरी जिल्ह्यातील समुद्रकाठच्या आमच्या लहान शहरात, बाजारपेठेतून बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक जुना विलायती शिरीष आहे. जानेवारी 2024 मध्ये त्याच्या बुंध्यावर तोडीच्या प्रस्तावाची नोटीस लागली आणि मे अखेरीस, तोड न होता, त्याच झाडाची रीतसर छाटणी झाली. मधल्या काळात अर्ज, हरकत, पाहणी, सुनावणी, आचारसंहिता आणि वीजबंद अशा सगळ्या टप्प्यांतून ही फाईल गेली. मी शाळेत विज्ञान शिकवते. कायद्याचे किंवा वृक्षशास्त्राचे रीतसर शिक्षण माझ्यापाशी नाही. तरीही जे कळत गेले ते क्रमाने लिहून ठेवत आहे, कारण सुरुवातीला कोणत्या टेबलापाशी जावे एवढेही सांगणारे कोणी मला भेटले नव्हते.

प्रकरणाचे मूळ जुलै 2023 मधल्या एका रात्रीत आहे. तीन-चार दिवस सलग पाऊस झोडपत होता आणि त्या रात्री शिरीषाची एक जाड फांदी मोडून खालच्या चहाच्या टपरीवर आली. टपरी बंद होती म्हणून कोणाला इजा झाली नाही, पण पत्रे चेपले आणि विजेची तार तुटून रस्ता सकाळपर्यंत अंधारात राहिला. 3 जून 2020 चे निसर्ग वादळ आणि त्यानंतर वर्षभरातच आलेले तौक्ते ज्यांनी या किनाऱ्यावर काढले, त्यांना झाड पडणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. झाडासमोरच्या घरातल्या काकी मला म्हणाल्या, "बाई, झाडाला आमी नाय म्हणत नाय हो. पण पावसात झोपायचा कसा, ता सांगा." या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. झाडाच्या बाजूने बोलणारे पुष्कळ लोक ही भीती अडाणीपणाची समजतात आणि तिथेच शेजाऱ्यांना गमावून बसतात, असे माझे मत झाले आहे. फांदी खरोखरच पडली होती. तेव्हा ती का पडली आणि पुढची पडू नये यासाठी काय करायचे, हेच मुद्दे बोलण्यासारखे होते.

डिसेंबरात रहिवाशांनी सह्या करून झाड तोडण्याचा अर्ज नगर परिषदेकडे दिला. मला त्याचा पत्ता लागला तो जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, बुंध्यावर डकवलेली नोटीस वाचल्यावर. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 हा या बाबतीतला मुख्य कायदा आहे. नगर परिषदेच्या हद्दीतले झाड, मग ते रस्त्यावरचे असो की आपल्या परसातले, वृक्ष प्राधिकरणाच्या, म्हणजे झाडांबाबत निर्णय घेणाऱ्या नगर परिषदेच्या समितीच्या, परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि 'तोडणे' या शब्दात कायद्याने जाळणे, कापणे व कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही धरले आहे. तोडीचा अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः झाड पाहायचे, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची, झाडावर दिसेल अशी नोटीस लावायची आणि अर्ज आल्यापासून साठ दिवसांच्या आत निर्णय व्हायचा, अशी ही रचना आहे. परवानगी मिळाली तरी पंधरा दिवस झाडाला हात लावता येत नाही. त्यामुळे बुंध्यावर कागद दिसला की लगेच करवत येणार असे समजून हातपाय गाळू नयेत. मात्र आमच्या नोटिशीत हरकतीसाठी सातच दिवस दिलेले होते, तेव्हा नोटिशीचा तारखेसह स्पष्ट फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा.

अर्ज लिहिण्यापूर्वी रस्ता कोणाचा आहे हे विचारून घेणे फार उपयोगी ठरले. आमच्या शहरात एकाच रस्त्याचा एक तुकडा नगर परिषदेचा आणि पुढचा सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे, आणि झाड कोणाच्या मालकीचे, लाकूड कोणाचे, खर्च कोणी करायचा हे सगळे त्यावर ठरते. आमचा शिरीष नगर परिषदेच्या तुकड्यात निघाला. झाड ग्रामपंचायतीच्या हद्दीत असते तर 1975 चा हा कायदा तिथे लागूच झाला नसता, आणि शहराच्या कडेला राहणाऱ्यांनी हे आधी तपासलेले बरे.

हरकतीचा अर्ज साधा, कोऱ्या कागदावर असतो आणि त्याला शुल्क नाही. पहिला मसुदा मी मैत्रिणीला दाखवला, तिने नोकरीची बरीच वर्षे तहसील कार्यालयात काढली आहेत. सावली, पक्षी, शहराचे सौंदर्य यांवरची माझी सगळी वाक्ये तिने शांतपणे खोडली आणि म्हणाली, "अगं, हे खरं आहे सगळं, पण यावर शेरा काय मारायचा?" फाईल हाताळणाऱ्या माणसाला ज्यावर होय किंवा नाही लिहिता येईल असेच मुद्दे अर्जात हवेत, हा तिचा सल्ला पुढे प्रत्येक टप्प्यावर कामी आला. शेवटी अर्जात चार मागण्या राहिल्या: झाडाची तज्ज्ञाकडून पाहणी व्हावी, तोडीऐवजी धोकादायक फांद्यांच्या छाटणीचा पर्याय तपासावा, झाडाचे वय नोंदवावे आणि सुनावणीस बोलवावे. दोन प्रती नेल्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतली. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. त्याशिवाय पुढे कोणत्याही खिडकीवर आपले काम सुरूच होत नाही.

त्याच दिवशी माहितीच्या अधिकारातला अर्जही दिला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मूळ तोडीच्या अर्जाची प्रत, पाहणी अहवाल आणि वृक्षगणनेतली या झाडाची नोंद मागितली. उत्तर फेब्रुवारीच्या मध्यावर, तीस दिवसांची मुदत संपता संपता आले, प्रत्येक पानाला दोन रुपये भरून. पाहणी अहवाल एका ओळीचा होता: 'झाड जुने व धोकादायक आहे.' घेर, उंची, खोडाची अवस्था, कोणती फांदी धोकादायक, यांपैकी काहीच नव्हते. कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हायला हवी. आमच्याकडे नोंदीत झाडाचे नाव चुकीचे पडले होते आणि वयाचा रकाना रिकामा होता. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आरोग्य आणि पाणीपुरवठ्याबरोबर झाडांचे काम एकाच माणसाच्या गळ्यात असेल तर रकाने रिकामेच राहणार. पण रिकामा रकाना आपण भरून दिला तर तो फाईलमध्ये जातो, हे त्यावरून सुचले.

वयाला महत्त्व येण्याचे कारण 2021 मध्ये कायद्यात झालेली दुरुस्ती. तिच्यानुसार पन्नास वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष मानले जाते, आणि झाड तोडायचेच झाले तर त्याच्या वयाच्या आकड्याइतकी नवी झाडे लावावी लागतात. नुसत्या घेरावरून शिरीषाचे वय काढता येत नाही, कारण हे मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेले झाड फार झपाट्याने वाढते आणि आमच्या पावसात तर अधिकच. जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर टेप लावून घेर मोजला, तो चार मीटरच्या थोडा वर भरला. वयाचा पुरावा मात्र अनपेक्षित ठिकाणी मिळाला. समोरच्याच घरात, ज्यांनी तोडीच्या अर्जावर सही केली होती त्या काकींकडे, 1971 मधल्या लग्नाच्या वरातीचा फोटो निघाला, आणि त्यात हाच शिरीष रस्त्यावर सावली टाकण्याइतका मोठा दिसत होता. फोटोची प्रत आणि तारखेबद्दलचे त्यांचे सहीचे निवेदन मी फाईलला जोडले. "फोटो देते, पण माझी पयली सही काढून नाय घेणार," असे त्यांनी बजावले होते, आणि ते रास्तच होते.

पाहणीसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठातून वनशास्त्र शिकलेला एक तरुण फेब्रुवारीच्या शेवटी आला. त्याने पैसे घेतले नाहीत. येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण एवढेच आम्ही केले. त्याने सोबत एक लाकडी हातोडा, लांब सळई आणि दुर्बीण आणली होती. बुंध्याच्या चहूबाजूंनी हातोडा ठोकत तो आवाज ऐकत गेला. भरीव लाकूड टणक वाजते आणि पोकळी आली की आवाज बदलतो, हे दुसऱ्या फेरीत मलाही कळू लागले. खोड भरीव होते. दक्षिणेकडच्या एका मोठ्या फांदीच्या मुळाशी ढोली होती, सळई तिच्यात वीतभर गेली, आणि खाली लाकडाला चिकटलेली कडक, अर्धगोल अळंबी होती. अशी अळंबी दिसली की आत कूज बरीच पसरलेली असते, असे त्याने सांगितले.

जुलैत पडलेल्या फांदीचे कारणही तिथेच मिळाले. काही वर्षांपूर्वी तारांखालची ती फांदी कोणीतरी मधूनच, खुंट ठेवून तोडली होती. अशा खुंटाला झाड सहसा सामावून घेऊ शकत नाही. तो कुजतो आणि त्याच्या कडेने जोमदार नवे फुटवे येतात. हे फुटवे वरवरच्या लाकडातून निघालेले असतात, त्यांची आतल्या लाकडाशी पकड नसते, आणि चार-पाच वर्षांत ते जड झाले की भिजलेल्या पानांच्या ओझ्याने सुटून येतात. म्हणजे जी छाटणी सुरक्षिततेसाठी झाली तिनेच धोका तयार केला होता. पावसाळ्यापूर्वी आपल्या सगळ्या शहरांत दिसेल त्या फांदीचे मुंडके उडवण्याची जी मोहीम चालते, तिच्याकडे त्या दिवसापासून मी निराळ्या नजरेने पाहू लागले. त्याने दोन पानांचा अहवाल लिहून दिला, त्यात प्रत्येक फांदीला क्रमांक, फोटो आणि करायची कृती होती.

सुनावणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात झाली. साठ दिवस तोवर उलटून गेले होते. निवडणुका लांबल्यामुळे नगर परिषदेवर प्रशासक होते आणि वृक्ष प्राधिकरणाचे अधिकारही त्यांच्याकडेच होते, त्यामुळे समितीची बैठक कधी भरेल याची वाट पाहावी लागली नाही. मात्र आपली बाजू घेणारे नगरसेवकही कोणी नव्हते. अर्जदार आणि हरकतदार दोघांनाही बोलावले होते. बोलायला दहा मिनिटे मिळाली असतील. मी अहवालाची प्रत पुढे ठेवली आणि एवढेच म्हटले की तिसऱ्या आणि पाचव्या क्रमांकाची फांदी जावी, तारांकडचे फुटवे जावेत आणि बाकीचे झाड राहावे. टपरीवाल्या भाऊंनी विचारले, "आणि राहिलेलं पडलं तर जबाबदार कोण?" साहेबांनी तो प्रश्न तसाच लिहून घेतला आणि आदेशात दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर पाहणीची अट घातली. माझ्या मते संपूर्ण आदेशातली सर्वांत मोलाची ओळ हीच आहे, आणि ती माझ्या अर्जात नव्हती.

तोडीचा अर्ज अमान्य करून छाटणीला परवानगी देणारा आदेश आठवड्याभरात निघाला. आता काम होणार असे वाटले, तोच 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. नवी निविदा काढता येत नव्हती. आमच्या मतदारसंघात मतदान 7 मे रोजी होते, आणि निकालापर्यंत थांबलो असतो तर मृग लागला असता. उन्हाळ्यातली ती अनिश्चितता फार जाचक गेली. अवकाळीचा गडगडाट झाला की त्या ढोलीच्या फांदीखालून जाताना मीही पावले उचलत असे, कारण तिच्या मुळाशी काय आहे ते आता मला ठाऊक होते. वाट निघाली ती लेखा विभागातल्या एका मॅडममुळे. मान्सूनपूर्व कामांचा वार्षिक दराचा ठेका आधीच मंजूर होता आणि त्यात फांद्या छाटण्याची बाब होती. नवी निविदा न काढता त्याच ठेक्यातून काम देता आले. अंदाजपत्रक सुमारे 38 हजारांचे झाले. आपले काम अडले असेल तर 'हे कोणत्या चालू कामात बसते का' असे लेखा विभागात विचारून पाहावे.

महावितरणला वीजबंदसाठी पत्र, वाहतूक पोलिसांना रस्ता अर्धा बंद ठेवण्यासाठी पत्र, आणि टपरीवाल्यांना व दुकानदारांना आदल्या दिवशी सूचना, ही तयारी नगर परिषदेने केली. मी फक्त प्रत्येक पत्राची पोच घेऊन फिरत राहिले, कारण दोन कार्यालयांच्या तारखा जुळवणे हेच सगळ्यांत कठीण काम निघाले. एकदा वीजबंद मिळाली तेव्हा हायड्रॉलिक शिडीची गाडी दुसऱ्या गावी गेलेली होती. शेवटी 27 मे ठरली.

त्या दिवशी सकाळी सातला काम सुरू झाले. ठेकेदाराची माणसे नारळ-सुपारीवर चढण्यात तरबेज, पण त्यांची सवय एका घावात फांदी खाली आणण्याची. वनशास्त्र शिकलेला तरुण आदल्या दिवशीच येऊन त्यांच्याशी बोलला होता, आणि त्याने खडूने फांद्यांवर खुणा केल्या होत्या. मोठी फांदी तीन कापांत उतरवायची असते. पहिला काप खालून, खोडापासून फूटभर अंतरावर, थोडाच; दुसरा वरून, त्याच्याही किंचित बाहेर, म्हणजे वजनाने फांदी तुटली तरी साल खोडापर्यंत सोलत जात नाही; आणि राहिलेला खुंट तिसऱ्या कापात, फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कडेला धक्का न लावता. ती कड शाबूत राहिली तरच झाड जखमेवर चहूबाजूंनी नवे लाकूड चढवून ती बंद करते. जखमेवर डांबर फासायचे की नाही यावरून मुकादमांशी थोडा वाद झाला. डांबराने कूज थांबत नाही हे आता मानले जाते, आणि अहवालात तसे लिहिलेले होते, म्हणून त्यांनी डबा बाजूला ठेवला. पण "साहेबांनी विचारलं तर तुम्ही सांगायचं" असे माझ्याकडून वदवून घेतले.

वरच्या माणसांना दोर, पट्टा आणि शिरस्त्राण द्यावे हे ठेक्याच्या अटींत असते. ते प्रत्यक्ष आहे की नाही हे आपण सकाळीच विचारावे. आमच्याकडे दोन पट्टे कमी होते आणि ते येईपर्यंत तासभर काम थांबले, त्या तासाबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही. चढण्याआधी दुर्बिणीने घरटी पाहिली. तारांकडच्या एका बाजूला कावळ्याचे भरलेले घरटे होते, ती डहाळी सोडून दिली. बगळे आणि रातबगळे पावसाळ्यात शिरीषांवर वसाहत करतात, म्हणूनही हे काम जूनपूर्वीच व्हायला हवे होते. एकूण पर्णसंभाराच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढायचे नाही ही अटही पाळली गेली. संध्याकाळी चारला वीज परत आली. तिसऱ्या क्रमांकाची फांदी खाली आल्यावर तिचा आतला भाग हाताने चुरगळता येत होता. काकी ते पाहून गेल्या आणि काही बोलल्या नाहीत.

लाकडाचा पंचनामा त्याच संध्याकाळी झाला आणि ओंडके नगर परिषदेच्या आवारात गेले. हे आवर्जून पाहावे, कारण लाकूड परस्पर जाते अशी शंका शहरात नेहमीच असते आणि तिने उगाच चांगल्या कामावरही डाग लागतो. पाऊस जूनच्या पहिल्याच आठवड्यात आला.

पावसाळ्यानंतरची पाहणी ऑक्टोबरमध्ये झाली आणि तेव्हा बुंध्याभोवतीचा काँक्रीटचा विषय निघाला. काही वर्षांपूर्वी सुशोभीकरणात खोडाला अगदी चिकटून पेव्हर ब्लॉक बसवले होते आणि वर चुना-गेरूचे पट्टे ओढले होते. आमच्याकडे जांभ्यावर मातीचा थर मुळात पातळ, मुळे पसरतात ती आडवी. त्यावर सिमेंट घातले की पाणी आणि हवा दोन्ही तुटतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, त्याचा दाखला देऊन अर्ज केला. काम नोव्हेंबरात झाले, पहारीने, कारण ब्रेकर लावला असता तर मुळे तुटली असती. मोकळ्या झालेल्या जागेत माती आणि पालापाचोळा भरला, पण खोडाच्या मूळ पातळीच्या वर नाही. खोडावर मातीचा ढीग चढवला की साल कुजते. जाहिरातींचे खिळे आणि तारा काढताना तीन मुले शाळेतून मदतीला आली होती.

माझा स्वतःचा खर्च विचाराल तर स्टॅम्प, झेरॉक्स, फोटोंच्या प्रती, तरुणाचा प्रवास आणि रिक्षा मिळून दीड हजारांच्या आत राहिला. वेळ मात्र पुष्कळ गेला, आणि नोकरी करणाऱ्याने हे एकट्याने अंगावर घेऊ नये. कार्यालयात दुपारी जाऊ शकेल असा एक निवृत्त शेजारी सोबत असावा. आमच्याकडे ते काम पोस्टातून निवृत्त झालेल्या एका काकांनी केले.

मोडलेल्या फांदीच्या जागी पलीकडच्या कडेला उंडी आणि बकुळीची रोपे लावण्याचा प्रस्ताव मंजूर आहे. उंडीला खारा वारा सोसतो आणि बकुळ सावकाश वाढते, म्हणून तारांखाली तिला निवडले. खड्डे जांभ्यात तीन फूट खोल घ्यावे लागतील आणि ते पावसाआधी खणून ठेवायला हवेत. पाचव्या क्रमांकाच्या फांदीचे आम्ही टोक कमी केले, ती पूर्ण काढली नाही. तिच्या मुळाशीही अळंबी आली आहे का, हे मे महिन्यातल्या पाहणीत पाहिले जाईल, आणि आली असेल तर ती फांदी काढण्याचा अर्ज मीच देणार आहे. त्याचा मसुदा तयार आहे. फोटो तेवढे नवे जोडायचे आहेत.